डब्याला लावलेली उदबत्ती

"आज्जी, नेट डब्यातून यायचं?" परवा माझ्या नातीनं विचारलं आणि मी हातातला लसूण खाली ठेवला. तिला नेट म्हणजे वारा वाटतो, जाईल तिथं असायचाच. मी तिला सांगितलं, बाई गं, आमच्या तरुणपणी ते रस्त्यावरून वायरीनं घरात यायचं, आणि घरातल्या घरात पसरवायला भिंतीवर एक पांढरा डबा लावावा लागायचा. "मग तो कोण लावायचं?" "आमच्या घरचा मीच लावला होता की," असं मी बोलून गेले, आणि बोलता बोलताच जीभ चावली. गुडघे गेले, निम्मे दात गेले, पण ही थाप काही तोंडातून जात नाही. म्हणून आज ती इथं खोडते. आमच्या घरचा डबा मी लावला नव्हता. मी वायर ओढली होती आणि भिंतीत दोन खिळे ठोकले होते, आणि त्यातला एक वाकडा गेला होता.

आमचं घर म्हणजे कारखान्याचं शेपूट. पुढं रस्त्याला लागून पत्र्याची लांब शेड, तिच्यात टॉवेलचे आठ माग, तोंडाशी माझ्या वडिलांची, अप्पांची, छोटी खोली, मग फरसबंद अंगण, आणि अंगणाच्या पलीकडं आमच्या तीन खोल्या, त्याही पत्र्याच्याच. सकाळी आठला अप्पा खटका दाबायचे आणि आठही माग एकदम बोलायला लागायचे. स्वैपाकघरातल्या मांडणीवरचे स्टीलचे पेले त्या ठेक्यावर सरकत सरकत कडेला यायचे, आणि माझी आई, अव्वा, येता-जाता त्यांना मागं ढकलायची. त्या आवाजात वाढल्यामुळं आम्हाला कुणालाच हळू बोलता येत नव्हतं. लग्नाला गेलो की पाहुण्यांना वाटायचं, यांची भांडणं चाललीत. सुताची तुसं सगळीकडं असायची, पापण्यांवर, उशांवर, विरजणाच्या भांड्यात. अव्वा दह्यावरचं एखादं तूस बोटानं उचलायची आणि म्हणायची, "खा गं, आपलंच सूत हाय." ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वर दही. मी आयुष्यात बरंच काही खाल्लं, पण पापण्या मिचकावत खाल्लेल्या त्या भाकरीची चव नंतर कुठं मिळाली नाही.

त्या घरात सुवर्णा वहिनी आली. ती अक्कलकोटकडची. माहेरी सगळे कानडी बोलायचे, त्यामुळं ती आमच्या अव्वाशी कानडीत बोलायची, माझ्याशी मराठीत, आणि मागांच्या आवाजात कुणाशीच नाही. ती आवाज चढवायचीच नाही. काही सांगायचं असलं की जवळ यायची आणि कानाशी सांगायची. मला आधी ते नाटक वाटलं. अण्णा, म्हणजे माझा भाऊ, टेंभुर्णीला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडं कामाला होता, शनिवारी यायचा, सोमवारी पहाटे जायचा. बाकीचे पाच दिवस वहिनी आमच्या ताब्यात. बी.कॉम. फर्स्ट क्लास झालेली ती बाई खलबत्त्यात शेंगा कुटायची, आणि कुटता कुटता भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसायची. मी एकदा विचारलं, "काय बघतीस गं?" तर म्हणाली, "काही नाही, आज कुठला वार ते विसरायला होतंय."

पुण्याच्या एका कंपनीत घरबसल्या करायचं काम निघालं होतं. लोकांचे कागद तपासायचे आणि फोनवर त्यांच्याशी बोलायचं. वहिनीनं अर्ज केला तो अण्णाला सांगून, आणि अण्णानं अप्पांना सांगितलं. तिसऱ्या दिवशी जेवताना अप्पा म्हणाले, "घरात बसून करणार असली तर करू दे. बाहेर जायाचं नाव काढायचं न्हाय." वहिनीनं मान हलवली. त्या 'घरात बसून'वरच तिचं सगळं टांगलेलं होतं, हे तिला कळलं होतं. मला कळलं नव्हतं.

पहिल्या खेपेला कंपनीनं फोनवर मुलाखत घेतली. वहिनी दारं-खिडक्या लावून, डोक्यावरून गोधडी घेऊन बसली होती. पलीकडच्या बाईनं विचारलं म्हणे, "मॅडम, आप रेलवे स्टेशन पर हैं क्या?" मी हसून हसून लोळले. वहिनीही हसली, पण गोधडीतून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा घामानं आणि दुसऱ्याही कशानं तरी ओला होता. तरी तिची उत्तरं चांगली होती, म्हणून त्यांनी तिला पुढच्या परीक्षेला घेतलं. एक तास, कॅमेरा चालू, आजूबाजूला आवाज नको, मोबाईलचं नेट चालणार नाही, घरात पक्की लाईन पाहिजे. तारखा त्यांनी चार दिल्या होत्या, त्यातली एक निवडायची. वहिनीनं कॅलेंडर काढून आणलं आणि एका चौकोनावर बोट ठेवलं. खंडेनवमी. वर्षातून त्या एका दिवशी आमचे माग पुसून, धुऊन, पूजा करून बंद ठेवतात. वर्षातून एकदाच आमच्या घरात शांतता असायची, आणि ती तिनं शोधून काढली होती.

आता माझं. मी तेव्हा सात रस्त्याजवळच्या एका क्लासमध्ये कॉम्प्युटर जोडणीचा सहा महिन्यांचा कोर्स करत होते. वर्गात आम्ही दोघीच मुली, मी आणि नसरीन. नसरीन कुर्डुवाडीहून रेल्वेनं यायची. तिचे अब्बा तिथं रेल्वेत होते, आणि यंत्र उघडून बघायची खोड तिला घरातूनच लागली होती. मला त्या कोर्समधलं एकच काम नीट यायचं, वायरीचं टोक करणं. वायर सोलली की आत आठ रंगीत दोरे निघतात, ते ठरलेल्या क्रमानं एका चिमुकल्या चौकटीत ओवायचे आणि दाबायचे. मागावाल्याची पोर मी, हातात दोरा आला की बोटं आपोआप चालायची. सर म्हणाले, "वा, गिरजा!" त्या एका 'वा'वर मी सहा महिने काढले. बाकीचं सगळं, म्हणजे यंत्रांचे पत्ते, आकडे, कुणी कुणाला काय वाटायचं, ते फळ्यावर यायचं आणि फळ्यावरच राहायचं. घरी मात्र मी असं बोलायचे की जणू सोलापूरचं नेट माझ्या परवानगीनं चालतं.

लाईन अप्पांच्या खोलीपर्यंत आली होती, तिथल्या यंत्राचा जोर अंगण ओलांडून पत्र्याच्या आत पोचत नव्हता. अप्पांनी विचारलं, "मागं न्यायला माणूस बोलवू का?" मी म्हणाले, "माणूस कशाला? मी आहे की!" मग सगळे अक्कलकोटला बारशाला गेले त्या दिवशी मी नसरीनला घरी बोलावून घेतलं. वायर मीच टाकली, शेडच्या कडेनं, अंगणावरून, खिडकीतून आत, नव्या डब्यापर्यंत. दोन्ही टोकं मीच केली. पुढचं सगळं नसरीननं केलं, चटईवर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप, एका हातात माझ्या अव्वाची कडक भाकरी. ती मला सांगत होती, "देख, आगे का मशीन सबकू पत्ता बाँटता. ये डब्बा भी बाँटने लगा तो? दोनों का नंबर भी एकीच है. घर में दो सासां हो जाते. इसलिए इसका नंबर बदल, और इसका बाँटना बंद कर." मी हूं हूं करत चटणी वाढत होते. वीस मिनिटांत काम झालं. जाताना तिनं हात पुसत म्हटलं, "अगे, लिख ले ना. कल कू बिगड़ गया तो?" मी कपाळावर बोट टेकवलं, "सगळं हितं हाय."

तिथं काही नव्हतं. आज मी त्या मुलीचा, म्हणजे माझा, तो टेकवलेला हात आठवते आणि मला तिला एक टप्पल द्यावीशी वाटते.

संध्याकाळी सगळे आले, वहिनीनं लॅपटॉप उघडला आणि मागच्या खोलीत नेट आलं. "कुणी केलं?" अप्पांनी विचारलं. नसरीनचं नाव सांगायला मला एक श्वास लागला असता. तो मी घेतला नाही. "मीच," म्हणाले. अप्पांनी शेजारच्या पद्मक्कांना बोलावून तो डबा दाखवला. पद्मक्का तेलुगू घरातल्या, त्यांचेही माग, आमची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. वहिनी सगळे गेल्यावर कानाशी येऊन म्हणाली, "गिरजा, तू होतीस म्हणून झालं गं." मला आनंद झाला. खरं सांगते, लाज वगैरे काही वाटली नाही.

खंडेनवमीच्या सकाळी माग बंद होते. शांतता अशी होती की पद्मक्कांच्या घरातला फोडणीचा आवाज आमच्यात ऐकू येत होता. अप्पा अंघोळ करून, कपाळावर विभूती लावून मागांना फुलं वाहत होते. धोटे, कात्र्या, पाने, हातोडी, तराजू, सगळं पाटावर मांडून ठेवलं होतं. शेंगाच्या पोळ्यांच्या सारणाचा वास सुटला होता. वहिनीनं मागच्या खोलीत भिंतीसमोर खुर्ची ठेवली, निळी साडी नेसली, पदर तीनदा पिनेनं लावला आणि तीनदा काढला. परीक्षा अकराला. अकरा दहापर्यंत आत शिरलं नाही तर दार बंद, पुन्हा संधी नाही, असं पत्रात लिहिलं होतं. वहिनीनं ते पत्र मला दोनदा वाचून दाखवलं होतं.

अडचण आली ती अप्पांच्या तोंडून. "आज हत्यारं चालवायची नसतात. ह्यो डबा बी हत्यारच की." वहिनीचा चेहरा उतरला. ती अप्पांना हळूच म्हणाली, "मामा, आजचाच दिवस दिलाय त्यांनी." अप्पा अडून बसणारे नव्हते, पण मोडणारेही नव्हते. मार्ग अव्वानं काढला. "आदी त्याची पूजा करते, मग चालवा. देवाला सांगून केलं की झालं." सगळ्यांना पटलं. मी तेव्हा पुढं शेडमध्ये मागांना झेंडूची तोरणं बांधत होते. अव्वानं डबा खिळ्यावरून उतरवला, ओल्या फडक्यानं लख्ख पुसला, पाटावर ठेवला. तळाला एक मळका कागद चिकटवलेला होता, तो तिला बरा दिसेना, म्हणून पाण्याचा हात लावून नखानं खरवडून काढला. वर विभूतीची तीन बोटं ओढली, फूल ठेवलं. उदबत्ती कुठं खोचावी म्हणून बघितलं तर डब्याच्या पाठीला एक बारीक भोक होतं, उदबत्तीच्या काडीएवढंच. अव्वाला वाटलं, करणाऱ्यानं किती विचार केलाय बघा. तिनं काडी खोचली, ती आत नीट बसेना म्हणून जरा दाबून धरली, आणि तशीच धरून सगळं स्तोत्र म्हटलं. वायर तिनं काढली नव्हती, डब्याचा दिवा जळत होता. अव्वा स्तोत्र कधी अर्धवट सोडायची नाही.

त्या भोकाचं काम काय ते ज्यांना माहीत आहे त्यांना कळलं असेल. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. त्यात काडी दाबून धरली की डबा सगळं विसरतो आणि दुकानातून आला होता तसा होतो.

साडेनऊला वहिनीनं हाक मारली, "गिरजा, जरा बघ गं, नाव वेगळंच दाखवतंय." मी गेले. डब्याच्या पाठीला अजून उदबत्ती होती, राख त्याच्या डोक्यावर पडली होती. मी एका क्षणात ओळखलं. त्या भोकाबद्दल सरांनी वर्गात सांगितलं होतं, आणि ते मात्र माझ्या लक्षात राहिलं होतं. मी लॅपटॉप वायरीनं डब्याला जोडला. डब्यानं नाव आणि पासवर्ड विचारला. तो तळाच्या कागदावर छापलेला असतो. मी डबा उलटा केला. तळ अव्वाच्या कळशीसारखा स्वच्छ होता.

मी अंदाजानं शब्द टाकायला लागले. एक, दुसरा, पाचवा, दहावा. पुढच्या खोलीतून अप्पांनी हाक दिली, "माझ्या फोनचं बी बंद झालंय गं!" दोन सासवा. नसरीननं सांगितलेलं तेवढंच मला आठवलं, पण त्यांना वेगळं कसं करायचं ते आठवेना. माझ्या पाठीमागं वहिनी उभी होती. दारात अव्वा. मग अप्पाही आले. तिघं माझ्या बोटांकडं बघत होते. फोन माझ्या खिशात होता आणि नसरीन कुर्डुवाडीला घरीच होती. पण तिघांच्या देखत तिला काय विचारायचं? 'तू केलेलं कसं केलंस,' हेच ना?

"काय झालं?" अप्पा म्हणाले.

आणि मी म्हणाले, "आपलं काही नाही. लाईनच गेलीय. कंपनीकडून."

इथं थांबले असते तरी चाललं असतं. थाप लहान होती. पण वहिनी म्हणाली, "मग पद्मक्कांकडं जाऊन बसू का मी? त्यांची लाईन दुसरी आहे." पद्मक्कांकडं नेट चालू दिसलं असतं, मग दोष आमच्या डब्यावर आला असता, मग माझ्यावर. "त्यांचंही बंद आहे," मी म्हणाले. "मघाशीच लाईनवाल्यांचा मेसेज आलाय. सगळ्या भागाचं गेलंय. मोठी केबल तुटलीय रस्त्यात." केबल तुटली म्हणताना मी हातानं तुटल्याची खूणसुद्धा केली.

"मग स्कूटर काढतो," अप्पा म्हणाले. मला आजही हे लिहिताना हात थांबवावा लागतो. सुनेनं उंबरा ओलांडून काम करायचं नाही म्हणणारा तो माणूस, पूजेचं धोतर, कपाळाला विभूती, आणि स्कूटरची किल्ली शोधत होता. "सात रस्त्याला माझ्या दोस्ताचं हापिस हाय. तितं बसवतो हिला. दहा मिनिटांत जाऊ. काय गं सुवर्णा?"

"चला मामा," वहिनी म्हणाली. तिनं लॅपटॉप मिटलासुद्धा.

"तिथलंही बंदच असणार," मी म्हणाले. "तीच केबल पुढं जाते. उगाच रस्त्यात अडकाल, आणि इथं आलं तर? कंपनीवाले म्हणालेत, पावणेअकराला येईल."

माझ्यावर सगळ्यांचा विश्वास होता, हेच त्या सकाळचं दुर्दैव. अप्पांनी किल्ली परत खुंटीला लावली. वहिनी खुर्चीवर बसली आणि लॅपटॉप उघडून त्या फिरत्या गोलाकडं बघत राहिली. मी डब्याशी खुडबुड करत राहिले, कारण काहीतरी करताना दिसणं भाग होतं. मनात म्हणत होते, आता सापडेल, हा शब्द नाही तर पुढचा. सापडला असता तर 'आली लाईन' म्हणून मी पुन्हा शहाणी ठरले असते. पावणेअकरा झाले. अकरा झाले. अव्वा दर पाच मिनिटांनी येऊन विचारायची, "आलं का गं?" अकरा दहाला वहिनीनं घड्याळाकडं बघितलं. मग पदराची पिन काढली, खुर्ची उचलली आणि भिंतीला लावून ठेवली. अव्वाला म्हणाली, "आत्या, पोळ्या लाटायला घेऊ का?"

बाराच्या सुमाराला पद्मक्का ताटात गोड घेऊन आल्या. एका हातात ताट, दुसऱ्या हातात फोन, आणि फोनमध्ये त्यांची भिवंडीची बहीण बोलत होती, चेहऱ्यासकट. आमच्या उंबऱ्यात आल्या तसं त्यांचं नेट मागं राहिलं आणि बहीण अडकली. "हितं कशी अडकती गं ही? आमच्यात तर चांगली बोलत होती," पद्मक्का म्हणाल्या.

अप्पांनी विचारलं, "तुमचं नेट कधी आलं?"

"कधी आलं म्हणजे? गेलं कुटं होतं? सकाळपासनं सून मालिका बघत बसलीय, कामाला हात लावंना."

अव्वानं माझ्याकडं बघितलं. अप्पांनी बघितलं. मी म्हणाले, "आत्ता आलं असेल." पद्मक्का भाबडेपणानं म्हणाल्या, "न्हाय गं बाळ, सकाळपासनं हाय की." आणि मग त्यांनाच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, त्या ताट ठेवून निघून गेल्या. वहिनी पोळी लाटत होती. तिचं लाटणं थांबलं नाही. कडेची पोळी मात्र लाटून लाटून इतकी पातळ झाली की आतलं सारण दिसायला लागलं.

अप्पा मला खूप बोलले. त्या दिवशी माग बंद होते, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं, आणि पेठेलाही. मी डोकं खाली घालून नसरीनचं नाव सांगितलं. अव्वानं उदबत्तीचं ऐकल्यावर स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. "माझ्या हातनं झालं गं पोरी, माझ्या हातनं," असं वहिनीला म्हणत राहिली. वहिनीनं तिचे हात धरले. "आत्या, तुमच्यानं काही नाही झालं. उदबत्ती साडेनऊला लागली होती, परीक्षा अकराला होती." एवढंच बोलली ती. माझ्याकडं न बघता.

दुसऱ्या दिवशी मी नसरीनला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गिरजा, डब्बे की वायर निकाल के सीधी लॅपटॉप में डाल देती ना. बस. डब्बे की जरूरतच नहीं थी." ती वायर मी माझ्या हातानं केली होती. आठ दोरे, क्रमानं. मला येणारी जी एकच गोष्ट होती, तिच्यावरच काम होणार होतं, आणि मी डब्याच्या तोंडाकडं बघत बसले होते. नसरीननं डब्याच्या मूळच्या पासवर्डपासून एकेक पायरी सांगितली, मी टाईप केली, या वेळी वहीत लिहून घेतली. आठ मिनिटं लागली.

वहिनीनं पुण्याच्या कंपनीला दोन पत्रं लिहिली. उत्तर एकाचंच आलं, दोन ओळींचं, नकाराचं. पुढं दोन वर्षांनी ती सात रस्त्याजवळच्या एका ऑफिसात जायला लागली. अप्पांना तिनं विचारलं नाही, जेवताना नुसतं सांगितलं, आणि अप्पा 'बरं' म्हणाले. ते 'बरं' त्या सकाळी स्कूटरच्या किल्लीपाशीच मिळालं असतं. मधली दोन वर्षं तिनं खलबत्त्यात घातली. ती माझ्याशी कधी भांडली नाही, टोमणा मारला नाही, अण्णाकडं तक्रार केली नाही. माझ्या लग्नात माझ्या डोक्यावर तिनंच अक्षता टाकल्या, माझ्या बाळंतपणात तिनंच मला बाळंतशेपा चारली. मी बऱ्याचदा ठरवलं की हिची माफी मागावी. पण ती इतकं नीट वागायची की मागायला जागाच सापडायची नाही. आणि माझ्यासारख्या धीट मुलीला, जिला थापा मारताना हाताच्या खुणा सुचायच्या, तिला ते दोन शब्द सुचेनात.

त्या दसऱ्यानंतरच्या आठवड्यातलं सांगते आणि थांबते. आमच्याकडं नळाला तेव्हा चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, आणि आलं की तासाभरात जायचं. ज्याला पहिल्यांदा दिसेल त्यानं ओरडायचं आणि बाकीच्यांनी हातातलं टाकून भांडी घेऊन पळायचं, अशी घराची रीत. माग चालू होते. मी अंगणात होते, नळ गुरगुरला, धार लागली, आणि मी शेडच्या वरताण ओरडले, "वहिनी, पाणी आलं!" एरवी ती दोन्ही हातांत घागरी घेऊनच धावत यायची. त्या दिवशी ती रिकाम्या हातांनी आली. माझ्या शेजारी उभी राहिली, वाकून नळाखाली हात धरला, हात ओला झालेला बघितला, आणि मग घागर आणायला आत गेली.